जन्मभराची गॅरंटी

साळवेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गारीगारच्या साच्यांत काड्या लावत होतो. फोन खुटबावहून, त्यांच्या भाच्याचा. "काका, आत्या गेली. सकाळी च्या घेतला, जरा पडते म्हनली, आन् उठलीच न्हाई." मी म्हणालो, "थापा मारू नको. थापा मारायचं काम या दोन तालुक्यांत माझं हाय." पलीकडं बायकांचं रडणं ऐकू आलं... तेव्हा खरं वाटलं. हातातल्या काड्या तशाच टाकून शिरूरच्या स्टँडवर गेलो आणि चौफुल्याची एसटी धरली. ती गाडी त्या दिवशी इतकी हळू चालली की उसाची एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली, आणि जाता जाता डावीकडच्या बैलानं वळून माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. तरी पोचलो. बाईंचं शेवटचं तोंड बघायला मिळालं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. माझ्यासारख्या गारीगार विकणाऱ्यानं पेपरच्या पुरवणीत लेख लिहावा, असं काही जगाचं अडलेलं नाही. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाईंच्या भावाच्या अंगणात मांडव पडला, बुद्धवंदना झाली, आणि मग एक रिटायर झालेले साहेब बोलायला उठले. बाई सरकारी नर्स होत्या तेव्हा हे त्यांचे वरचे अधिकारी. त्यांचं नाव लिहीत नाही, कार्यालय कुठलं तेही लिहीत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेल. साहेबांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "साळवे सिस्टरांच्या हातची लस म्हणजे जन्मभराची गॅरंटी." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून मांडवाबाहेर गेलो. तेव्हापासून माझं डोकं गारीगार गोठवायच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं तरी गार होत नाही. कारण ते वाक्य खोटं आहे. त्या वाक्यानं एक पोरगी गेली. आणि ते वाक्य मुळात साहेबांचं नाहीच... कुणाचं ते सांगायलाच बसलोय.

मी मूळचा केंदूरचा. शिरूरला आमचा गारीगारचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक कॉम्प्रेसर, एक टाकी आणि एक डिझेलचं जनरेटर, ज्याचा आवाज घोडनदी ओलांडून नगरपर्यंत जायचा आणि तिथली माणसं ढग गडगडले म्हणून वाळवण आत घ्यायची. नव्वदनंतरची ती वर्षं. लाईट इतकी जायची की आली तर लोक पाहुणा आल्यासारखे उठून उभे राहायचे. अशाच एका दुपारी पांढऱ्या साडीतली एक बाई दारात उभी राहिली. खांद्याला निळा डबा, हातात प्लॅस्टिकचे चार चपटे डबे, आत पाणी. वाड्यावस्त्यांवर जाऊन लहान पोरांना लस टोचायचं त्यांचं काम. म्हणाल्या, "दादा, उद्या माझा लसीचा दिवस हाय आन् आमच्या फ्रीजला दोन दिस लाईट न्हाई. हे पॅक तुमच्या टाकीत गोठवून देता का? बर्फ नसला तर डब्यातली लस मरती."

मी म्हणालो, "गारीगारच्या टाकीत दवाखान्याचं सामान? माझी गारीगार कडू झाली म्हंजी?"

"तुमच्या गारीगारीला आधी कुठं चव हाय?"

त्या दिवसापासून आमचं जमलं. दर लसीच्या आदल्या दिवशी पॅक यायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी बाई न्यायला यायच्या. नेताना प्रत्येक पॅक बोटाच्या पेरानं ठोकून कानाशी धरायच्या, बाजारात कलिंगड ठोकून बघतात तसा. टण वाजला तर घट्ट. थप वाजला तर आत पाणी, आणि तो पॅक माझ्याकडं परत. "वरून बर्फ दिसतोय ओ बाई," मी म्हणायचो. "वरून दिसतोय," त्या म्हणायच्या, "आतलं वाजवल्याबिगर कळत न्हाई."

मग आम्ही भागीदारी केली. वस्तीवर बाई दिसल्या की आया पोरं घेऊन ज्वारीत पळायच्या. माझी घंटी वाजली की मात्र अख्खी वस्ती धावत यायची. तेव्हा मी सायकलवर पेटी बांधून पुढं जायचो, घंटी वाजवायचो, आयाबाया कडेवरच्या पोरासकट जमायच्या, आणि बाभळीमागनं बाई निळा डबा घेऊन निघायच्या. पुढं पुढं पोरं इतकी शहाणी झाली की माझी घंटी ऐकली की झाडावर चढायची. एका वस्तीवर तर कोंबड्यासुद्धा चढल्या. तीन उन्हाळे माझा धंदा बसला. पण बोलण्यात मी कधी बसलो नाही. घंटीबरोबर एक आरोळी बनवली होती, ती घसा फाटेस्तोवर ठोकायचो: "एकदा टोचा, गोवर न्हाई, जन्मभराची गॅरंटी हाय."

आता कळलं ना, वाक्य कुणाचं ते?

बाईंनी मला एकदा अडवलं होतं. सायकलीचं हँडल धरून म्हणाल्या, "दादा, जन्मभर म्हनू नका. किती दिवस टिकतं ते मला ठाऊक न्हाई."

"बाई, 'काही दिवस टिकंल' म्हनल्यावर कोन पोरगं आनंल? मी गारीगार इकताना ती इरघळती म्हनून वरडतो का?"

बाईंनी हँडल सोडलं. पुढं एका शिबिरात साहेबांनी माझी आरोळी ऐकली, पाठीवर थाप मारली आणि ती निळ्या रंगात भिंतींवर रंगवून घेतली. मी इतका फुगलो की सायकलीच्या सीटवर मावेना. येणाऱ्याजाणाऱ्याला भिंत दाखवायचो.

एका धनगर वस्तीवर हिरा नावाची पोरगी होती. तिची सुई माझ्यासमोर झाली म्हणून सांगतो. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर टोचायची असते. पण दसरा झाला की मेंढरं कोकणाकडं निघायची, मेंढरांमागं सगळं बिऱ्हाड, आणि परत यायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर. आणि गोवराची साथ येते ती नेमकी मधल्या उन्हाळ्यात. त्या दिवशी घोड्यावर सामान लादून झालं होतं. हिराच्या आजीनं नात बाईंच्या मांडीवर ठेवली. हीच आजी बाईंना प्यायला पाणी द्यायची ते वरून ओंजळीत ओतायची, तांब्या हातात द्यायची नाही. नात मात्र खुशाल मांडीवर द्यायची. बाईंनी विचारलं, "किती महिन्यांची?"

"पाडव्याला झाली की. मोजा तुमीच."

बाईंनी बोटांवर मोजलं. "साडेसहाच व्हत्यात, आज्जी."

"मंग नऊ करा. मेंढरं काय तुमच्यासाठी थांबत्यात व्हय?"

बाईंनी एकदा लादलेल्या घोड्याकडं बघितलं, एकदा मांडीवरच्या पोरीकडं. वरून उद्दिष्ट पुरं करायचा तगादा होताच. पण बाईंनी टोचली ती तगाद्यापायी नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्या म्हणाल्या, "उपाशी जान्यापरीस निदान काहीतरी असंल अंगात," आणि हिराच्या दंडात सुई घातली. कार्डावर नऊ महिने लिहिलं. अशी त्या वस्तीवरची वीसेक पोरं असतील. मी शेजारी उभा राहून सगळ्यांना जन्मभराची गॅरंटी वाटत होतो.

तीन-चार वर्षं गेली, आणि सुई झालेल्या पोरांना गोवर यायला लागला. दारावर लिंबाचा डहाळा दिसायचा, घरात फोडणी बंद, औषध बंद, कारण गोवर म्हणजे देवाघरची पाहुणी, तिला वास सहन होत नाही. बाई त्या आयांना हसायच्या नाहीत. "फोडणी देऊ नका, मी कुठं म्हनते द्या. पण पोराला पानी पाजा, आन् धाप लागली तर डहाळ्यासकट दवाखान्यात आना." बाहेर आल्या की मात्र तोंड लालबुंद. "दादा, ज्याला एकदा गोवर येऊन गेला त्याला पुन्हा आलेला मी या नोकरीत बघितला न्हाई. मग सुई घेतलेल्याला का येतो?"

त्या मला घेऊन शिरूरच्या एका लहान मुलांच्या डॉक्टरकडं गेल्या. भला माणूस. पुढं रांग असताना त्यानं आम्हाला स्टुलावर बसवून समजावलं. आईच्या पोटातून पोर येतं तेव्हा आईच्या अँटीबॉडी घेऊन येतं. त्या उसन्या, काही महिने पोराला राखतात आणि मग विरून जातात. त्या अंगात असतानाच लस टोचली तर त्या लसीलाच मारतात, पोराचं अंग स्वतःचं काही बनवायला शिकतच नाही. उसनं विरतं, आणि पोर उघडं पडतं. "सुई होते, कार्ड होतं, रक्षण होत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोवर येऊन गेला तर अंग सहसा आयुष्यभर विसरत नाही. लसीनंही बहुतेक पोरांचं चांगलं टिकतं. पण वेळेवर टोचलेल्यांतही काहींचं जमतच नाही, आणि थोड्यांचं जमून पुढं ओसरतं. म्हणून दुसरा डोस हवा. सहा महिन्यांवर टोचलेल्यांना तर हवाच."

मी म्हणालो, "म्हंजी साचा टाकीतनं लौकर काढला. वरनं गारीगार, आत पानी. हातात घेतली की काडी वर आन् गोळा खाली." डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "थप वाजनारी." आणि मग डॉक्टरांना विचारलं, "आमच्या वाड्यांवरच्या पोरांत ते किती दिवस टिकतं, हे कुनी मोजलंय का?"

"माझ्या माहितीत तरी नाही, सिस्टर."

"मग मी मोजते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कारखान्याशेजारच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली. पोराचं नाव, कार्डावरचं वय, खरं वय, गोवर आला का, कितव्या वर्षी आला. एका पोराला एक पान. खरं वय काढायला त्या सणांवरून मागं यायच्या: पोळ्याला दात होते का, दिवाळीला बसत होती का. मी थापा मारून लोकांना बोलतं करायचो, बाई लिहून घ्यायच्या. पुणे जिल्ह्यात तिच्यापेक्षा खरी वही नसेल, आणि ती एका थापाड्याच्या मदतीनं झाली.

वही घेऊन बाई साहेबांकडं गेल्या. या पोरांना पुन्हा टोचायची परवानगी द्या म्हणाल्या. मी बाहेर बाकावर होतो, दार उघडं होतं, ऐकलेलं जसंच्या तसं सांगतो. इथं थाप नाही.

"कार्डावर झालंय ना, सिस्टर? मग झालं. एका पोराला दोनदा मोजलं तर टक्केवारी शंभराच्या वर जाईल. वर काय सांगू मी?"

"साहेब, कार्डावरचं वय खोटं हाय. मीच लिवलंय."

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं समजतो. शास्त्र शास्त्रज्ञांना करू द्या. तुम्ही टोचा."

वही त्यांनी उघडलीही नाही. तिच्यावर चहाचा कप ठेवला होता, त्याचा गोल डाग मुखपृष्ठावर अजून आहे.

बाई बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, टोचा म्हनालेत ना, टोचते. लसीच्या एका बाटलीत पाच पोरांचे डोस असतात. एकदा पाणी घालून कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. वस्तीवर तीनच पोरं आली की दोघांची लस मातीत जायची. बाई ती आता वहीतल्या पोरांना टोचायला लागल्या. वहीत पानाच्या कोपऱ्यात लाल टिक. एक टिक, दुसरी टिक... दोन महिने मी घंटी वाजवली ती नुसती या पोरांसाठी. पण बाटल्या आणि नोंदी जुळेनात. तपासणीत विचारलं, पाच डोस, तीन नोंदी, दोन कुठं गेले? दुसरी कुणी असती तर फेकले म्हणाली असती आणि सुटली असती. बाई म्हणाल्या, "पोरांच्या दंडात हायेत." मेमो आला. पगारवाढ अडकली. आणि दर लसीच्या दिवशी संध्याकाळी बाटल्या तपासायला एक माणूस बसवला. लस मातीत ओतली की तो सही करायचा. मातीत ओतायला सही होती. पोराला टोचायला नव्हती.

हिराच्या पानावर टिक करायची राहिली ती तेव्हा.

त्या वर्षी हिराच्या बापानं मेंढरं विकली, विहीर काढली, आणि बिऱ्हाड वस्तीवर कायमचं राहिलं. म्हणजे पोरगी रोज डोळ्यांसमोर. ना कोकण, ना पाडव्याचा हिशेब. बाई तिच्या दारावरून जायच्या, डब्यात लस असायची, पोरगी "गारीगारमामा" म्हणत माझ्या चाकामागं पळायची... आणि टोचायची परवानगी नव्हती. उन्हाळ्यात साथ आली. हिराला पुरळ उठलं, चौथ्या-पाचव्या दिवशी धाप लागली. बाईंनीच तिला उचलून शिरूरला आणलं, मी जनरेटरचं डिझेल काढून एका जीपमध्ये घातलं. दवाखान्याच्या पायरीवरच पोरगी गेली. नुकती पाच वर्षांची झाली होती.

कागदावर तिचा गोवर कुठंच नाही. लस झालेली होती ना. लस झालेल्या पोरीला गोवर कसा होईल? निमोनिया लिहिलं. ते खोटंही नाही. निमोनियाच झाला होता. तो कशानं झाला, त्याला रकाना नव्हता.

मी आठ दिवसांनी वस्तीवर गेलो, घंटी न वाजवता. हिराची आई चुलीपुढं होती. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मामा, तुमी म्हनला व्हता जन्मभराची." मी या तालुक्यात एवढ्या थापा मारल्या की रचून ठेवल्या तर पर्वतीएवढा ढीग होईल, आणि प्रत्येक थापेला उत्तर तयार असायचं. त्या दिवशी मी सायकल वळवली. येताना कार्यालयाच्या भिंतीसमोर थांबलो. निळी अक्षरं लखलखत होती. मी गाडगंभर चुना आणला आणि भर दुपारी, लोकांच्या देखत, ती पुसली. दुसऱ्या महिन्यात साहेबांनी पुन्हा रंगवून घेतली. अक्षरं आधीपेक्षा मोठी.

बाई त्यानंतर रिटायर होईपर्यंत तोच प्रश्न घेऊन फिरल्या. प्रत्येक मीटिंगमध्ये उभ्या राहायच्या: किती दिवस टिकतं, कुनी मोजलंय का? लोक हसायचे, साळवे सिस्टर उठल्या, आता चहा सांगा म्हणायचे. आता पेपरात येतं की गोवराचा दुसरा डोस हवा, मोठमोठी माणसं तसं म्हणतात. छान. म्हणा. एका नर्सनं ते शंभर पानांवर लिहून तुमच्या टेबलावर ठेवलं होतं, आणि तुम्ही तिच्यावर कप ठेवलात. आता मांडवात येऊन हार घालता. आणि हार घालताना बोलता काय, तर तेच, ज्याच्याशी ती बाई अर्धी नोकरी भांडली. माणूस मेल्यावर त्याच्या गळ्यात त्याच्या वैऱ्याचं वाक्य घालायचं, याला श्रद्धांजली म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

रिटायर झाल्या त्या दिवशी बाई खुटबावला जायच्या आधी कारखान्यात आल्या. वही माझ्या पुढ्यात ठेवली. "निळा डबा सरकारी व्हता, जमा केला. ही माझी हाय. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." चार पॅकपैकी एक फुटला म्हणून टाकून दिला होता, तीन टाकीतच राहिले होते. बाईंनी जाता जाता एक उचलून पेरानं ठोकला. टण. "बरं हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

ते तीन पॅक अजून टाकीत आहेत. माझा मुलगा म्हणतो, बाबा, त्या जागेत तीस गारीगारी बसतील. बसू देत दुसरीकडं. रोज सकाळी साचे काढायच्या आधी मी ते ठोकून बघतो. वही त्यांच्याच वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मांडवातून परत आलो त्या दिवशी मी तिच्यातलं हिराचं पान काढलं. बाईंचं अक्षर सरळ, शाळेतल्यासारखं: "हिरा. खरे वय साडेसहा महिने. कार्डावर नऊ लिहिले. मी लिहिले." कोपऱ्यात टिकेची जागा रिकामी.

त्याच्या खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: "जन्मभराची गॅरंटी म्हणालो. मी म्हणालो."

त्याच्या खाली अजून दोन ओळी कोऱ्या आहेत, साहेब. शिरूरला कुणालाही विचारा, गारीगारचा कारखाना दाखवतील. पेन मी वहीतच ठेवलाय.